भिंतीवरची सनद

तुम्हांला म्हणून सांगते, लग्नात माझ्या वडिलांनी जावयाची बी.ए.ची सनद काचेच्या चौकटीत बसवून दिली होती. सोलापुरात आल्या आल्या मी ती हौसेनं भिंतीवर टांगली. ह्यांचा चेहराच उतरला.

"काढ ती! गिरणीत मी सातवी पास म्हणून सांगितलंय."

"का बरं?"

"दारावर कामगारांचे बिल्ले गोळा करायला बी.ए. ठेवत नाहीत. शाळेत जागा मिळाली की पळून जातात म्हणे. दोन वर्षांनी ही एक नोकरी लागलीय, कळलं तर उद्याच घरी बसवतील."

मी काढणार तेवढ्यात दारात ह्यांचे मुकादम! ह्यांना गिरणीत लावलं ते त्यांनीच. नव्या सूनबाईला बघायला खण-नारळ घेऊन आले होते. बसले आणि त्यांची नजर थेट चौकटीवर गेली. हे खोकायला लागले.

"वैनी, ह्ये काय हाय?"

मुकादमांना अक्षरओळख नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी दाराआडून म्हणाले, "आमच्या माहेरचा देव आहे."

मुकादमांनी पटका काढला, मनोभावे हात जोडले, चहा संपवला. निघताना उंबऱ्यात थांबून ह्यांना हळूच म्हणाले, "आपल्या खात्यात आणखी दोघांच्या घरी ह्योच देव हाय. पर ते त्याला ट्रंकेत ठिवत्यात. तुमीबी ठिवा. आपल्या हेडक्लार्कला वाचता येतं की!"