भूषणनं पुसलेलं कर्नेल

या भूषणले धीर म्हणून नाही. धाननोंदणीचा शेवटचा दिवस, कोंढ्याच्या सेवा केंद्रात आमची रांग, अन् याचा कॉम्प्युटर सुरूच होईना.

"आता काय केलं?" त्याची बहीण करुणा आतून आली.

"लिनक्सचं नवं कर्नेल टाकलं."

"मशीनचं काळीज बदललं? मंग जुन्यावर चालू कर."

"जुनं पुसलं. जागा पाहिजे होती."

"नवं चालते का, ते न पाहता?"

"तू हासून काहून राहिली?"

"त्याच्याही आधीचं मी राखून ठेवलं. शिफ्ट दाबून धर, यादी येते. सगळ्यात खालचं घे."

पडदा उजळला. रांग खिदळली.

मी म्हटलं, "भूषण, नवी बिजाई उगवल्याबिगर जुनी कांडून खाते का कोणी? ऊठ. खुर्चीवर करुणा बसंल, तू आमाले चहा आण."