बदकाखालचा आकडा

हॅलो?… कोण, मार्गिट? अगं हळू… एक शब्द कळेल तर शपथ. आधी श्वास घे बघू.

प्रयोगशाळेचा तपासनीस आलाय? मग येऊ दे की. ते न सांगताच येतात. वर्षातून चारदा, आणि नेमके आपण केर काढलेला नसतो त्या दिवशी… कोण आलाय? डेलविश? उंच, टक्कल पडलेला?… हो, हो, ओळखते ना! त्याच्यापुढे खायला काही ठेवू नकोस हं… बदामाची क्रिंगल पेस्ट्री कापून ठेवलीस? अगं उचल ती! एकतीस वर्षं काढली मी दिव्यांच्या कारखान्यात, आपल्या रसीन गावात आलेल्या एकाही तपासनिसानं घास घेतला नाही. चालतच नाही त्यांना. उगाच जीव खालीवर होतो बिचाऱ्यांचा.

बरं, मग रडतेस कशाला?… काय चिकटवलंय?… बदक? बदकाचा स्टिकर?

कुठे, बाळांच्या त्या रातदिव्यावर?… ॲडॅप्टरवर? भिंतीत खोचायच्या त्या काळ्या ठोकळ्यावर?… म्हणजे आत किती व्होल्ट, बाहेर किती, कुणी बनवला, प्रयोगशाळेचा शिक्का, हे सगळं जिथे छापलेलं असतं, तिथेच? वरून?

किती ठोकळ्यांवर?… आठशे चाळीस.

नाही, हसत नाहीये मी… बरं, हसतेय थोडी. कुणाची कल्पना? डेलची ना?… 'काळा ठोकळा बाळाच्या खोलीत वाईट दिसतो' म्हणे! अगं, त्या शिक्क्यासाठी लोक सहा-सहा महिने प्रयोगशाळेच्या पायऱ्या झिजवतात, आणि तुझ्या नवऱ्यानं त्यावर बदक बसवलं!

हो, कळतंय मला. चारला ट्रक येणार. चाळीस दुकानं, नाताळ तोंडावर. त्यानं माल अडवला तर तुझ्या अकराही बायका घरी बसतील… ऐक ना. तो आत्ता कुठे आहे?… डेल फाइल दाखवतोय. छान. डेल दाखवतोय म्हणजे अर्धा तास गेला. आधी डोहाळे, मग बारसं, मग फाइल.

काय? मागच्या खोलीत लपवू? खबरदार! एकोणऐंशी साली आमच्या व्हर्ननसाहेबांनी तीन खोकी संडासात लपवली होती. तपासनीस दोन तास इकडेतिकडे हिंडला, काही म्हणाला नाही. निघताना फक्त विचारलं, 'संडास कुठे आहे हो?'… व्हर्ननचं ना? गेला तो फ्लोरिडाला. तिथे गळ टाकून बसतो, म्हणे. कारखान्याचं गोदाम झालं.

ते राहू दे. लायटरमध्ये भरायचं तेल आहे तिथे?… डेलच्या खणात असेलच. खिडक्या उघड, आणि त्याला सांग, सिगारेट दाराबाहेर. आता एक ठोकळा घे आणि फडकं भिजवून त्या बदकावर घास.

अगं नाही पुसली जाणार खालची अक्षरं! तेच तर सांगतेय. प्रयोगशाळेत ते लेबल आधी ओल्या फडक्यानं पंधरा सेकंद घासतात, मग स्पिरिटच्या फडक्यानं पंधरा सेकंद. अक्षर गेलं की नापास. मी स्वतः घासलीयत, घड्याळ लावून. लेबल खरं असेल तर बदक जाईल, अक्षरं राहतील… आणि गेलीच, तर तो माल खोटा, मग ट्रकात घालूच नये. घास.

… निघालं? सगळं?… वाच बरं. 'आत एकशे वीस'… बरोबर. 'बाहेर बारा'… बरोबर. शिक्का आहे?… बघ! सांगत होते ना मी! आता त्या अकराही जणींना हाताशी घे. प्रत्येक खोक्यातला एक-एक आधी पुसून बघा.

हो, थांबते. मला काय काम आहे.

… हं?… पुन्हा वाच… 'बाहेर चोवीस'?

मार्गिट, दुसरा घे त्याच खोक्यातला… तोही चोवीस. किती आहेत त्यात?… साठ. आणि पिन तीच, दिव्यात बसते?… अगं बाई. बारा व्होल्टच्या दिव्याला चोवीस. पाळण्याशेजारी रात्रभर.

नाही, तू नाही चुकलीस, पाठवणाऱ्यानं खोकं बदललं. पण त्या बदकाखाली ते दिसलंच नसतं कुणाला. आज डेलविश आला नसता तर चारला गेलं असतं ते… हो, रड थोडी. झालं?

आता त्याच्याकडे जा. तू जा. त्यानं शोधण्याआधी. ते खोकं त्याच्यासमोर टेबलावर ठेव आणि सांग, बदक आम्ही चिकटवलं आणि खाली हे निघालं. सगळं सांग, डेलच्या अकलेसकट… अडवू दे की! बाळाच्या खोलीत जाण्यापेक्षा बरं ना? जा. फोन तसाच ठेव टेबलावर.

…

हॅलो?… मार्गिट?… कोण, डेलविश का? अय्या, थोरा बोलतेय मी!… हो, जिवंत आहे… हो, घासण्याचं मीच सांगितलं… काय म्हणता, साठ बाजूला, त्यांना सील. आणि बाकीचे?… एकूण एक पुसून, आकडा तुम्हाला दाखवून… तर चारला जाऊ देणार? सातशे ऐंशी ठोकळे, पाच तास, बारा बायका…

बारा कशा? अहो, मार्गिटच्या अकरा आणि बारावी मी, येतेय ना! कोट घालते. मार्गिटला म्हणावं, घासून कुणाचे हात दुखले तर तिला बसू दे, तिचे ठोकळे मी घासीन; फक्त माझी जागा खिडकीपाशी ठेव. ठेवते!