दोघांना दिसलेला पाणलावा

बाबा : हळू. चपला वाजवू नकोस, सुकू. बंधाऱ्याच्या खाली, त्या चिखलात बघ. पाणलावा बसलाय.

सुकन्या : कुठं?

बाबा : गवताच्या डाव्या अंगाला. चिखलासारखाच दिसतो तो, तीच त्याची हुशारी.

सुकन्या : बाबा, पुणतांब्याचा अख्खा काठ चिखलासारखा दिसतोय.

गनीभाई : आपल्या मंडळाचं असंच हाय, बेटा. पक्षी असतो तितं आपन नसतो. आपन असतो तितं पोहे असतात.

बाबा : पोहे घेऊन प्रेमलाताई निघाल्यात. तोवर पक्षी बघा. श्रीरामपूरचं पक्षिमित्र मंडळ आहे हे, भिशी नाही.

सुकन्या : सभासद किती उरलेत?

बाबा : उरलेत ते दर्जेदार आहेत.

गनीभाई : पयल्या हिवाळ्यात तर काय दर्जा हुता! त्या तिकडच्या खोडावर आमी पानकावळा शोधला. पंख पसरून वाळवत बसायचा. सर महिनाभर शाळेची पोरं आणून दाखवत हुते.

सुकन्या : त्या पोरांत मी होते, गनीचाचा. काळी प्लास्टिकची पिशवी निघाली ती.

बाबा : वारा होता. हुबेहूब पंख हलायचे. म्हणून तर नियम केले. पहिला नियम : दोघांना दिसल्याशिवाय पक्षी मोजायचा नाही.

गनीभाई : पिशवी बी दोघांनीच बघितली हुती, सर. तुमी आन् मी.

बाबा : म्हणून दुसरा. ज्याला दिसला नाही, त्यानं न लाजता, मोठ्यानं सांगायचं. दाखवणाऱ्यानं न चिडता परत दाखवायचं.

सुकन्या : हा दुसरा नियम आजवर कोणी वापरलाय?

बाबा : वेळच आली नाही. मंडळाची नजर तीक्ष्ण आहे. तो बगळा बघ पलीकडं, किती स्तब्ध उभा आहे.

सुकन्या : बाबा, तो माणूस आहे. पांढरा सदरा घातलाय. मोटर चालू करायला आला असेल.

बाबा : अंतर फार आहे. घे, दुर्बीण तूच घे. मला जागा पाठ आहे. गवताचा झुबका, त्याच्यापुढं ओलं ढेकूळ, ढेकळाला लागून लांब चोच. दिसला?

सुकन्या : माझी पुण्याची एसटी चुकेल हो.

बाबा : दिसला का?

सुकन्या : हो, हो. दिसला.

बाबा : खरंच? तोंड कुणीकडं आहे?

सुकन्या : पाण्याकडं. छान आहे.

बाबा : गनीभाई, ऐकलंत? मोजा! दोघांना दिसला!

गनीभाई : मोजला. चला, पोहे आले.

(त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी बाबा गेले. महिन्याभरानंतर तोच बंधारा. सुकन्या आणि गनीभाई.)

गनीभाई : ही पाटी. हितं लावू म्हनतायत सगळी. टेम्पोत टाकून आणली. पेंटरला पानलावा म्हाईत न्हाई, त्यानं कोंबडी काढली.

सुकन्या : चोच तर लांब आहे.

गनीभाई : चोच मी वाढवून घेतली. पुढं जागाच संपली, न्हाईतर आनखी वाढवनार हुतो. खाली वाच. ‘शामकांत सरांचा शेवटचा पक्षी. पाहणारे : सर आणि सुकन्या.’

सुकन्या : माझं नाव काढा, चाचा.

गनीभाई : आन् पक्षी मोजायचा कसा? एकट्याच्या नावावर चालत न्हाई.

सुकन्या : मला दिसला नव्हता.

गनीभाई : काय?

सुकन्या : त्या दिवशीही नाही, त्याआधीही कधी नाही. तुतवार, चंडोल, कुणीच नाही. लहानपणापासून मी नुसतं ‘दिसला’ म्हणत आलेय. तसं म्हटलं की घरी जाता यायचं. घरातली पक्ष्यांची पुस्तकं सगळी वाचली. लॅटिन नावंसुद्धा पाठ आहेत. पण दुर्बीण लावली की मला फक्त माझ्या पापण्या दिसतात.

गनीभाई : पापन्या! मला वाटायचं, माझ्याच दुर्बिनीत हायेत.

सुकन्या : तुम्हालाही?

गनीभाई : घड्याळं दुरुस्त करनारा मानूस मी. वीतभर अंतरावरचं सगळं दिसतं. त्याच्या पुढं मी पोह्यांचा सभासद. पन थांब… हे तर लई वंगाळ झालं.

सुकन्या : काय झालं?

गनीभाई : सरांना बी दिसला नव्हता.

सुकन्या : असं कसं? त्यांनीच तर दाखवला.

गनीभाई : जागा दाखवली. शुगरनं डोळ्याचा पडदा गेल्ता त्यांचा. वरीस झालं. तुला सांगू नका म्हनले, पुण्याला नेऊन बसवंल म्हनले. त्या दिवशी संध्याकाळी दुकानात आले, समद्यांना चहा पाजला. म्हनले, मला नुसता चिखल दिसत हुता, गनीभाई. पन सुकू म्हनली तोंड पान्याकडं हाय. तो बसतोच तसा. म्हंजे आला यंदा बी.

सुकन्या : मी एसटीच्या घाईत फिरवलं हो ते तोंड पाण्याकडं.

गनीभाई : रडू नगं, बेटा.

सुकन्या : रडत नाहीये. आपल्या मंडळाचं कौतुक करतेय. दोघांना दिसलेला पक्षी, आणि तो कुणालाच दिसला नाही.

गनीभाई : त्या येळला निदान पिशवी तरी हुती.

सुकन्या : हसवू नका, चाचा.

गनीभाई : तूच हसली आधी. मग आता पाटीचं काय करू?

सुकन्या : टेकवून ठेवा तिथं. ती दुर्बीण द्या. बाबांची. गवताचा झुबका… पुढं ओलं ढेकूळ…

गनीभाई : दिसतंय काय?

सुकन्या : पापण्या.

गनीभाई : म्हन ना मग ‘दिसला’. हितं कोन इचारतंय? सरांचं नाव लागंल, आपन पोहे खाऊ.

सुकन्या : दुसरा नियम काय होता, चाचा?

गनीभाई : न लाजता. मोठ्यानं.

सुकन्या : बाबा, मला नाही दिसला. परत दाखवा.