तेलाचं फडकं

हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या पिशवीतून तेलकट फडकं डोकावत होतं.

"हे गं काय आणलंस?"

"ह्यांना हुंगायला, ताई. गाडीवरचा मोठा तवा दर रविवारी तापवायचा, तेल पाजायचं, पुसून घ्यायचा, अशी शपथच घातलीये मला. फडक्याचा वास घेतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना."

"अगं, पण तो तवा तुझ्या दिरानं भंगारात दिला ना?"

"महिना झाला. आता गाडी कोण चालवणार, म्हणाला. ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू? पहिल्यांदा फडक्याला नुसतंच तेल लावून नेलं. हुंगून म्हणाले, कच्चं आहे, तापवला नाहीस तू."

"मग?"

"मग घरातला छोटा तवा तापवते. धूर निघाला की तेल लावते आणि ह्यानंच पुसते."

"पटतं ना? सुटलीस मग."

"कुठली सुटते! गेल्या रविवारी निघताना हात धरला माझा. म्हणाले, एवढ्याशा तव्याला एवढं तेल लावू नये गं, चिकट होतो."

"अगंबाई! आणि तरी आज परत आणलंस?"

"आज कमी लावलंय."