टाचांमागची भुकटी

(घरामागचं फरसबंद अंगण, रविवारची दुपार. फरशीवर खडूची एक आडवी रेघ. एक जुनी घरगुती गाडी रेघेपाशी येऊन थांबली आहे. समोर गाडी उचलायचा लांब दांड्याचा जॅक धरून सून उभी आहे. सासरे गाडीतून उतरून तिच्या टाचांमागे बघतायत, सासू दारात.)

सासरे: पुन्हा सरलीस.

सून: नाही सरले, बाबा.

सासरे: मग ही भुकटी कुणी तुडवली, मांजराने? तुझ्या टाचांमागे खडूची भुकटी पसरतो ती काय शोभेसाठी? बघ, उजव्या बुटाचा ठसा. अर्धं पाऊल.

सून: अर्धंच ना.

सासरे: अर्धंच. मी ही भाजी आणायची गाडी आणतोय, तीही ताशी दहाने. उद्या शर्यतीची गाडी ऐंशीने येईल. दहाला अर्धं पाऊल, तर ऐंशीला तू थेट माहेरी पोचशील.

सासू: शेजारीण खिडकीतून विचारत होती, तुमचे हे सुनेच्या अंगावर सारखी गाडी का घालतात. म्हटलं, आमच्याकडे लाड करायची हीच रीत आहे.

सासरे: तू चहा टाक.

सासू: दोनदा टाकला, दोनदा निवला. त्यापेक्षा तिला सरळ सांगा, नको जाऊस म्हणून. याच कामात तुमचा गुडघा गेला, एका घरातला तेवढा पुरे.

सून: आई, पहिली शर्यत एकोणीस दिवसांवर आलीय. यंदा नियम बदलले, सगळ्यांच्या गाड्या नव्या. कोण पुढे, कोण मागे, कुणालाच ठाऊक नाही. आणि मी तीन वर्षं वर्कशॉपमध्ये त्याच गाड्यांचे ब्रेक जोडतेय आणि शर्यती तिथल्याच टीव्हीवर बघतेय. या हंगामाला मला जायचंय. उद्या सकाळी आठला निवड आहे. पुढच्या जॅकला दोघंच उरलोय, मी आणि पेंट शॉपमधला लंबू. जागा एक.

सासू: मग चाकं बदलणाऱ्यांत जा की. बाजूला बसायचं, चाक काढायचं, चाक घालायचं. गाडीच्या समोरच कशाला उभं राहायचं?

सून: चाकांना बारा जण असतात. गाडीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, उचलायला एकच. त्याने उचललं नाही तर बाराच्या बारा नुसते बघत बसतात. भर शर्यतीत गाडी चाकं बदलायला थांबते ते अडीच सेकंदांचं काम असतं, आई.

सासू: मोडायला तेवढीही लागत नाहीत.

सासरे: झालं तुमचं? ये, उभी राहा. जॅक जमिनीला टेकव. खोबण रेघेवर, दांडा पोटाशी. सगळ्या गाडीकडे बघायचं नाही, नुसतं नाक बघायचं. तुला त्याच्याकडे जायचं नाहीये, ते आपणहून खोबणीत येऊन बसतं. आलो मी.

सून: या.

सासरे: हं. थांबलो. आता मी काही उतरत नाही, गुडघा ठणकतोय. तूच खाली बघ आणि खरं सांग.

सून: अर्धं पाऊल.

सासरे: हे मला कळत नाही. महिन्यापूर्वी याच अंगणात वीस वेळा उभी राहिलीस, भुकटीला धक्का नव्हता. मधे काय झालंय?

सून: काही नाही.

सासरे: सूनबाई.

सून: सरावाची गाडी चालवणारा बदललाय. गेल्या सोमवारपासून.

सासरे: मग? कोण आलाय?

सून: तुमचा ड्रायव्हर.

सासरे: माझा कुठला ड्रायव्हर?

सून: तोच. तुमच्या गुडघ्यावर गाडी घातली तो. अकरा वर्षांनी परत बोलावलाय, नव्या ड्रायव्हरांना शिकवायला. सरावाची गाडी आता तोच आणतो. उद्याही तोच आणणार.

सासू: थांबा. गॅस बंद करून येते.

सून: तुम्हाला सांगणार नव्हते. पण काय होतं, तो कोपऱ्यावरून वळला की मला तुमचा जिन्यातला फोटो दिसतो. गाडीचं नाक तुमच्या गुडघ्याशी, तुम्ही खाली बसलेले, आणि हात अजून दांड्यावर. पेपरात आला होता तेव्हा मी शाळेत होते. खाली छापलं होतं, पाऊल न हटवणारा माणूस. कापून वहीत ठेवला होता मी. त्या फोटोपायी या कामात आले, तुमची सून नंतर झाले. आणि आता तोच माणूस गाडी घेऊन समोरून येतो. वाटतं, याने तेव्हा रेघ ओलांडली, आजही ओलांडेल. पाय आपोआप मागे जातो.

सासरे: ओलांडतो का तो?

सून: उलटच. रेघेच्या वीतभर आधी थांबतो. रोज. नाक खोबणीपर्यंत पोचतच नाही. लंबूचे हात लांब, तो पुढे वाकून भागवतो. माझं काय, मी मागे सरलेली आणि गाडी आधी थांबलेली. मधे हातभर फट. उद्या असंच झालं तर लंबू विमानात आणि मी परत टीव्हीसमोर.

सासरे: वीतभर आधी थांबतो म्हणालीस?

सून: घाबरत असेल. त्याच्या हातून एक माणूस मोडलाय.

सासरे: नाही मोडला.

सून: म्हणजे?

सासरे: गाडी बंद करू दे आधी. हं. ऐक. त्याने रेघ ओलांडली नव्हती. बरोबर रेघेवर थांबला होता, केसभर पुढे नाही. मी सरलो होतो.

सून: तुम्ही?

सासरे: अर्धं पाऊल. उजवीकडे. मी वळलो तसा जॅक वळला. नाक खोबणीत बसायचं ते दांड्यावर आपटलं, दांडा गर्रकन फिरला आणि माझ्याच गुडघ्यात बसला. मी जागचा हललो नसतो तर अडीच सेकंदांनी गाडी निघून गेली असती आणि मी दोन्ही पायांवर घरी आलो असतो.

सून: पण सगळे तर म्हणतात की...

सासरे: सगळे म्हणतात, कारण आधी मी म्हणालो. कॅमेरा मागच्या बाजूला होता आणि मधे माणसांची गर्दी. मला बाहेर काढायला गाडी लगेच मागे ढकलली, मग मोजणार कुठून? मी स्ट्रेचरवर असताना साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गाडी पुढे आली. तीन शब्द. मग ते परत घेता येईनात.

सून: आणि त्याला काढला.

सासरे: हंगाम संपल्यावर. पुढे कुणी घेतलाही नाही.

सून: मी रोज जिना चढताना त्या फोटोला हात लावून वर जाते, बाबा.

सासरे: माहीत आहे. लग्नाआधी तूच सांगितलं होतंस. तेव्हाच बोलायला हवं होतं, जीभ रेटली नाही.

सून: मला राग येतोय तुमचा.

सासरे: यायलाच हवा.

सून: असं म्हणून सुटू नका. आठवडाभर मी स्वतःला भित्री समजतेय. लंबू तोंडावर हसतो. आणि तुम्ही मला नाकाकडे बघायला शिकवताय.

सासरे: शिकवतोय ते खरं आहे, पोरी. माझ्या चुकीतूनच शिकलोय ते. जागेवर उभ्या माणसाला काही होत नाही. मोडतो तो सरणारा.

सासू: तो दवाखान्यात आला होता. फळं घेऊन. यांच्या कॉटशी बसला आणि म्हणाला, मला वाटत होतं मी रेघेवरच थांबलो, पण तुम्ही म्हणता म्हणजे माझाच पाय चुकला असेल. यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

सासरे: तुला माहीत होतं?

सासू: तीस वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात नर्स होते मी. समोर तोंड करून उभ्या माणसाला समोरून लागतं. तुमची जखम डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. पहिलं ड्रेसिंग बदललं तेव्हाच कळलं, हा माणूस वळला होता.

सासरे: अकरा वर्षं बोलली नाहीस.

सासू: तुम्ही बोलाल म्हणून थांबले. दरवर्षी हंगाम जवळ आला की वाटायचं, यंदा बोलतील. मग पहिली शर्यत लागायची आणि तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा करायचात. माझंही चुकलंच. त्या फळांचा घास काही घशाखाली उतरला नव्हता.

सून: बाबा, उद्या तुम्ही माझ्याबरोबर येताय.

सासरे: येतो. निवड झाली की येतो.

सून: निवडीच्या आधी.

सासरे: अगं, आधी सांगितलं तर लोक काय म्हणतील? या घरातल्यांचे पायच असे. तुझ्या तोंडचा घास जाईल.

सून: गेला तर जाईल. तो वीतभर आधी थांबतो तो तुमच्या त्या तीन शब्दांमुळे. मी मागे सरते तीही त्यांच्यामुळेच. तो रेघेवर थांबला तर मी रेघेवर उभी राहीन. मग लंबूला घेऊ देत नाहीतर मला. हरायचंच असेल तर माझ्या हातांनी हरेन, तुमच्या खोट्याने नाही.

सासरे: तो अंगावर धावून आला तर?

सासू: तो यायचा नाही तसा. आणि आला तर त्याचा हक्क आहे. फळं मी बांधून देते, या वेळी आपली.

सून: आता गाडी चालू करा.

सासरे: आत्ता?

सून: आत्ता. आणि दहाने नको. अंगणात मावेल तेवढ्या वेगाने आणा.

सासू: अहो, जपून.

सासरे: मी बरोबर रेघेवर थांबेन. केसभर पुढे नाही.

सून: माहितीये. तोही थांबला होता. या.

सासरे: आलो.

सासू: मी बघत नाही. डोळे मिटलेत. झालं का?

सून: झालं, आई. उघडा.

सासरे: भुकटी?

सून: उतरा आणि तुमचं तुम्ही बघा.

सासरे: गुडघा धरलाय गं.

सून: उतरा, बाबा.

सासरे: ठसा नाही. एकही नाही.

सासू: हा तिसरा चहा. आता तरी गरम प्या.

सासरे: साडेसातला निघू मग. त्याला सुरुवात कशी करायची तेवढं मला जरा...

सासू: तेव्हा तीन शब्द पुरले होते. उद्याही पुरतील.

सासरे: आणि दारापर्यंत जाऊन ऐन वेळी पाय मागे आला तर?

सून: डब्यात भुकटी उरलीय. बरोबर घेते. तुमच्या टाचांमागे घालीन.