पंपवाले काका गेले

…तो श्रद्धांजलीचा फलक मी काढला ना काका — दुसऱ्याच दिवशी काढला, स्वतः शिडीवर चढून काढला, विचारा काकूंना. चार महिने झाले, तरी तुम्ही तेच धरून बसलात. चूक झाली? झाली. नाही म्हणतोय का मी? पण कशी झाली ते ऐकाल की नाही? तुमची विचारपूस करायला हॉस्पिटलात फोन कोणी केला? मी केला. म्हटलं, आमचे पंपवाले काका कसे आहेत, तीस वर्षं या वॉर्डाला पाणी सोडलंय त्यांनी — तर पलीकडून ती नर्स म्हणते, "ते गेले." गेले! आता घरी गेले की कुठे गेले, हे नको सांगायला? "सकाळीच गेले," म्हणाली. मी काय समजणार? भडभडून आलं मला. तासाभरात फलक नाक्यावर. — एवढ्या लवकर कसा? अहो, मजकूर तयारच असतो. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांचे फोटो कार्यालयात काढून ठेवलेत. मी नाही लावला तर मेहुणा आधी लावतो. — माझं नाव मोठं होतं? असेल. फोटो तर तुमचाच मोठा होता ना? — बरं, सारखेच होते.

जाऊ दे. मुद्द्यावर येतो. हा माझा उमेदवारी अर्ज. तीन वाजता खिडकी बंद होते आणि आता वाजलेत सव्वादोन. दहा सूचक लागतात — म्हणजे वॉर्डातल्या दहा मतदारांनी सही करून म्हणायचं, हा माणूस आम्हाला हवाय. नऊ आहेत. दहावा आमचा चिटणीस, तो सकाळी फिरला. मेहुण्याने फिरवला, दुसरं कोण! सख्ख्या बहिणीचा नवरा माझ्याविरुद्ध उभा, आणि बहीण मलाच म्हणते, "दादा, पंधरा वर्षं बसलास, आता ह्यांना बसू दे की जरा." अगं, खुर्ची आहे की बागेतलं बाकडं? — बाकीचे नऊ? आता तुमच्यापासून काय लपवायचं — घरचेच सात, एक ड्रायव्हर, एक त्याची बायको. म्हणून तर आलो. तुमच्याकडे यायच्या आधी दोन दारं वाजवली. शिंप्याने मशीन थांबवलंच नाही. इस्त्रीवाली म्हणते, "ज्यांना मारलंत त्यांचीच सही आणा आधी!" तोंड बघा बाईचं. पण तुम्ही मनाचे मोठे, काका. तुम्ही सही केलीत तर लोक म्हणतील, ज्याचा फलक लावला तोच सूचक — विषय संपला.

हे पेन घ्या. यादीतला क्रमांक मी भरतो, यादी आणलीय बरोबर. तुमची गल्ली… हे घर… काकू इथे आहेत, चारशे बारा. आणि त्यांच्या वर… थांबा, चष्मा पुसतो. — अरेच्चा. तुमच्या नावावर आडवं छापलंय, "वगळले". असं कसं? — हां. हां, तो अर्ज. नाही, त्याच दिवशी दिला होता मी, मयत म्हणून नाव काढा असा. चांगल्या भावनेने हो! म्हटलं, मागे काकूंना हेलपाटे नकोत. फलक काढला, अर्ज मागे घ्यायचा राहिला. — तुमचाच एकट्याचा? तुमचाच… म्हणजे, नावं एकत्र पाठवली. तेवीस. कार्यकर्त्यांनी काढलेली नावं, मी नुसती सही केली. शिंपी आहे त्यात, इस्त्रीवाली आहे — मयत नव्हे हो सगळे! आमच्या लोकांनी सांगितलं, गल्ली सोडून गेले. कोणी गावाला गेलं, कोणी मुलाकडे गेलं, कोणी त्या पाण्याच्या टाकीच्या मोर्चात माझ्याविरुद्ध गेलं — तसं नव्हतं म्हणायचं मला. जीभ घसरली.

ऐका, उपाय आहे. गाडी उभीच आहे माझी. तुम्ही स्वतः अधिकाऱ्यासमोर उभे राहा, म्हणा, साहेब, हा बघा मी. समोर उभ्या माणसाला मयत कोण म्हणेल? जागच्या जागी दुरुस्ती होईल — उठलात? शाब्बास! तो पांढरा शर्ट घाला. मी सांगतो काय होईल, ते फाइल काढतील, अर्ज कोणी दिला ते बघतील, खाली सही…

काका, जरा बसा. नाही, बसा हो. ऊन किती आहे बाहेर. खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावरच गुन्हा — बटणं कसली लावताय? मी दुसरा सूचक बघतो, अजून अर्धा तास आहे. खिडकीतून शिंप्याला हाक नका मारू! तेवीस माणसं कशी मावतील गाडीत? — चालत? हृदयाचं ऑपरेशन झालंय तुमचं, चालत कसले जाताय! काकू, सांगा की यांना. काकू? तुम्ही कशाला चपला घालताय? आणि ते कुलूप कशाला हातात घेतलंत — अहो, मी आत बसलोय अजून.

हो. हो, उठतो.