ताटाचं सूर्यफूल

माझ्या डोकावण्याला नावं ठेवता ना, मग हे ऐकाच. इथे डब्लिनला शेजारच्या मेधाचं घर आवरायला गेले आणि गराज सेलला, म्हणजे घरचं जुनं सामान विकायला, काढलेल्या खोक्यात तिच्या आईचं स्टीलचं ताट मीच चुकून घातलं, आणि ते विकलंही गेलं. आई गेल्यावर नागपूरहून तिने तेवढंच आणलेलं. पोर मला एका शब्दाने बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

जुलैच्या सुट्टीत मेधा मला डब्लिनबाहेर खेड्याकडे रानफुलं दाखवायला घेऊन गेली. एका शेतघरापाशी मी गाडी थांबवायला लावली.

"काकू, लोकांच्या अंगणात डोकावू नका हो!"

पण आत रानफुलांच्या मधे चमचे आणि ताटल्यांची केलेली मोठाली फुलं रोवली होती. एका सूर्यफुलाच्या काठावर उलटी अक्षरं दिसली. मान वाकडी करून वाचलं, 'सौ. कमल'.

"मेधा, अगं तुझी आई!" मी किंचाळलेच.

फुलं करणारी म्हातारी बाहेर आली. मेधाने रडत रडत सगळं सांगितलं. "मला ती नक्षीच वाटली," म्हणत बाईने अख्खं फूल उपटून मेधाच्या हातात दिलं. देव तिचं भलं करो.

आता ते मेधाच्या अंगणात डुलतं. चमच्यांच्या पाकळ्या तिने काढू दिल्या नाहीत.

परवा त्याच रस्त्याने जाताना तिने आपणहून गाडी हळू केली. म्हणाली, "काकू, तुम्हाला सांगितलं नव्हतं, ताटाबरोबर वाटीपण गेलीय. जरा डोकावता का?"